जुन्या होडीसाठी आउटबोर्ड इंजिन निवडताना: टु-स्ट्रोक घ्यावे की फोर-स्ट्रोक?

गोव्यात वापरलेली फायबरची होडी विकत घेणाऱ्याला होडी सहसा लवकर पसंत पडते. निर्णय अडतो तो आउटबोर्ड इंजिनापाशी, म्हणजे पिछाडीला बाहेरून टांगायच्या इंजिनापाशी. मालिम, कुटबण किंवा शापोरा येथील धक्क्यावर चौकशी केली, तर काही जण टु-स्ट्रोकशिवाय दुसरे काही घेऊच नका असे सांगतात आणि काही जण टु-स्ट्रोकचे दिवस संपले असे म्हणतात. दोघांचेही म्हणणे त्यांच्या त्यांच्या कामापुरते खरे असते, परंतु ते आपल्या कामाला लागू पडेलच असे नाही. माझ्या मते इंजिनाचा प्रकार हा पहिला प्रश्नच नव्हे. होडीची पिछाडी किती वजन पेलते, वर्षाला इंजिन किती तास चालणार आहे आणि बिघाड झाल्यास ते कोण दुरुस्त करणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. त्यानंतर समोर असलेले विशिष्ट इंजिन तपासावे. कारण जुन्या बाजारात चांगल्या स्थितीतील टु-स्ट्रोक हे दुर्लक्षित फोर-स्ट्रोकपेक्षा नेहमीच बरे, आणि याच्या उलटही तितकेच खरे.

दोन प्रकारांतील फरक, खरेदीपुरता

टु-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ज्वलन होते, तर फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. त्यामुळे तेवढ्याच ताकदीचे टु-स्ट्रोक आकाराने लहान व वजनाला हलके राहते, त्यात व्हॉल्व्ह नसतात, तळाला तेलाची टाकी नसते आणि सुटे भागही कमी असतात. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते व ते पेट्रोलबरोबर जळून जाते. याची किंमत इंधनात मोजावी लागते, कारण साध्या कार्बुरेटरच्या टु-स्ट्रोकमध्ये सिलिंडरात शिरलेल्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराच्या वाटेने बाहेर पडतो. वेग कमी असताना हे प्रमाण अधिक असते. याच प्रदूषणामुळे अमेरिकेत १९९६ साली आउटबोर्ड इंजिनांसाठी नियम आले आणि तेथील बाजार हळूहळू फोर-स्ट्रोककडे वळला.

फोर-स्ट्रोकला धूर व आवाज कमी असतो, मंद गतीला ते शांतपणे चालते आणि त्याला तेल मिसळावे लागत नाही. मात्र त्याचे तेल व फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलावे लागतात, व्हॉल्व्हचे अंतर तपासावे लागते आणि टायमिंग बेल्ट असल्यास तो वेळेवर बदलावा लागतो. ही कामे आधीच्या मालकाने केली नसतील, तर त्यांचा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो.

याशिवाय डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे कार्बुरेटरऐवजी इंधन थेट सिलिंडरात फवारणारी, टु-स्ट्रोक इंजिने हा तिसरा प्रकार कधीकधी विकायला येतो. ती इंधन कमी पितात, पण त्यांच्या दुरुस्तीला विशेष उपकरणे लागतात. अशी इंजिने बनवणाऱ्या एविनरूड या ब्रँडचे उत्पादन २०२० साली बंद झाले आहे, त्यामुळे ते इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी सुट्या भागांची खात्री झाल्याशिवाय घेऊ नये.

पहिली पायरी: पिछाडीची फळी तपासणे

इंजिन जिच्यावर टांगले जाते ती मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, हा जुन्या फायबर होडीचा सर्वांत नाजूक भाग असतो. वरून फायबर दिसत असले तरी आत बहुधा प्लायवुड असते, आणि बोल्टच्या छिद्रांतून पाणी मुरले की ते आतल्या आत कुजते. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने संपूर्ण फळी ठोकून पाहावी. घट्ट फळीचा आवाज टणक येतो. कुजलेल्या जागी तो बद्द येतो. नंतर इंजिन बसवलेले असताना त्याचा खालचा भाग धरून हळूच वरखाली करावा आणि फळी वाकते काय, कोपऱ्यांत केसासारख्या भेगा उघडतात काय, हे दुसऱ्या माणसाला बघायला सांगावे. बोल्टच्या खाली तपकिरी पाण्याचे ओघळ दिसत असतील, तर फळी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढे बोलावे.

वजनाचा फरक किती असतो, ते पाहू. १५ अश्वशक्तीच्या वर्गात टु-स्ट्रोक साधारण ३६ ते ४२ किलोचे असते आणि फोर-स्ट्रोक ४५ ते ५५ किलोचे. ४० अश्वशक्तीच्या वर्गात टु-स्ट्रोक साधारण ७० ते ८० किलो, तर फोर-स्ट्रोक ९० ते ११० किलो भरते. अनेक जुन्या होड्या टु-स्ट्रोकचे वजन गृहीत धरून बांधलेल्या आहेत. अशा होडीवर वीस-तीस किलो अधिक टांगले की पिछाडी खाली बसते, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलली जाते आणि मागून आलेली लाट आत शिरण्याचा धोका वाढतो. उत्पादकाची पट्टी होडीवर शिल्लक असेल, तर तिच्यावरील कमाल अश्वशक्ती व वजन वाचावे. पट्टी नसेल, तर जेवढे वजन येणार आहे तेवढ्या वजनाची वाळूची पोती पिछाडीला ठेवून, माणसे व टाकी यांच्यासह होडी शांत पाण्यात सोडावी आणि फळीची कड पाण्यापासून किती उंच राहते ते मोजावे. या एका चाचणीने पुष्कळदा निर्णय तिथेच होतो.

येथेच शाफ्टची लांबीही मोजावी. आखूड शाफ्ट १५ इंची ट्रान्समला, लांब शाफ्ट २० इंचीला आणि अतिलांब २५ इंचीला बसतो. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली यावी. लांबी चुकलेली असेल, तर इंजिनाचा प्रकार कोणताही असो, पंखा हवा ओढतो किंवा होडी पाणी उडवत जड चालते.

दुसरी पायरी: तासांचा आणि इंधनाचा हिशेब

हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय प्रकार ठरवू नये. एक उदाहरण घेतो. यातील आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, ४० अश्वशक्तीचे टु-स्ट्रोक मध्यम वेगाला ताशी ११ लिटर घेते आणि फोर-स्ट्रोक ८ लिटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर ताशी ३०० रुपयांचा फरक पडतो. टु-स्ट्रोकला ५० लिटरला १ लिटर या प्रमाणात तेल लागते, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. ११ लिटरला २२० मिलिलिटर. तेल ४०० रुपये लिटर धरल्यास ताशी आणखी ८८ रुपये. एकूण फरक सुमारे ३८८ रुपये. आता फोर-स्ट्रोकसाठी १,२०,००० रुपये अधिक मोजावे लागणार असतील, तर ती रक्कम सुमारे ३१० तासांत भरून निघते.

सिकेरी किंवा कोको बीचवरून पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेणारा व्यावसायिक हे तास एका हंगामाच्या आतही पूर्ण करू शकतो. जो माणूस केवळ रविवारी झुआरीत गळ टाकायला जातो आणि वर्षाला ४० तास इंजिन चालवतो, त्याला त्यासाठी जवळपास आठ वर्षे लागतील, आणि तेवढ्यात इंजिनाचे आयुष्य उतरणीला लागलेले असेल. फोर-स्ट्रोकची नियमित सर्व्हिस या हिशेबात धरलेली नाही. ती धरली की कमी तास चालवणाऱ्याच्या दृष्टीने फोर-स्ट्रोकची बाजू आणखी लंगडी पडते.

वेगाचाही विचार करावा. पूर्ण वेगाला दोन प्रकारांतील इंधनाचा फरक कमी होतो, मंद वेगाला तो खूप वाढतो. खाडीत तासन्तास मंद गतीने गळ ओढत फिरणाऱ्याचे टु-स्ट्रोकचे प्लग तेलाने काळे पडतात आणि इंजिन अडखळते; त्याला फोर-स्ट्रोकचा फायदा पाकिटातही होतो आणि कानांनाही. जाळ्यापर्यंत धाव घ्यायची, जाळे ओढायचे आणि परत धाव घ्यायची, असे ज्याचे काम आहे त्याला हा फायदा तितका जाणवत नाही.

तिसरी पायरी: जागा आणि दुरुस्ती

मांडवीच्या काठी धक्क्याला बांधलेली होडी आणि पाळोळे किंवा बेतूलच्या बाजूला वाळूवर ओढून ठेवलेली होडी यांच्या गरजा वेगळ्या आहेत. किनाऱ्यावरून लाटा फोडून जाणाऱ्याला इंजिन रोज काढून खांद्यावरून न्यावे लागते. अशा ठिकाणी दहा-बारा किलोंचा फरक रोज जाणवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोर-स्ट्रोक कोणत्याही कुशीवर आडवे ठेवता येत नाही. उत्पादकाने सांगितलेल्या बाजूवरच ते ठेवावे लागते, अन्यथा तळाचे तेल सिलिंडरात शिरते. टु-स्ट्रोकला आधी उभे धरून पाणी निथळू दिले की ही अडचण येत नाही.

लाटेत होडी उलटून इंजिन बुडाले, तर टु-स्ट्रोक वाचवणे सोपे जाते: गोड्या पाण्याने धुणे, प्लग काढून पाणी बाहेर काढणे, कार्बुरेटर साफ करणे, आत तेल सोडणे आणि त्याच दिवशी सुरू करणे. फोर-स्ट्रोकमध्ये याशिवाय तळाचे तेल पाणी पूर्ण निघेपर्यंत पुन्हा पुन्हा बदलावे लागते. इंजेक्शनचे असेल, तर विजेचा भागही तपासावा लागतो. दोन्ही बाबतीत बुडालेले इंजिन वर काढून उन्हात सुकत ठेवणे हीच सर्वांत घातक गोष्ट आहे, कारण हवा लागताच आत गंज धरू लागतो.

दुरुस्तीच्या बाबतीत स्पष्ट चौकशी करावी. आपल्या धक्क्यावरील फिटरला या इंजिनाची सवय आहे काय, हा ब्रँड तो उघडतो काय, इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारे पाणी ओढणारे रबरी चाक), थर्मोस्टॅट आणि गॅस्केट गोव्यात मिळतात की बाहेरून मागवावे लागतात, हे त्यालाच विचारावे. यामाहाच्या एन्ड्युरोसारखे साधे टु-स्ट्रोक भारताच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे वापरात असल्यामुळे ते उघडणारा माणूस सहज सापडतो. इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोकसाठी संगणक जोडून दोष वाचणारा तंत्रज्ञ लागतो आणि तो भर हंगामात दोन दिवसांत येईल की दोन आठवड्यांत, यावर व्यावसायिकाचे उत्पन्न अवलंबून असते.

चौथी पायरी: समोरचे इंजिन तपासणे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा आणि शक्य असल्यास फिटरला पैसे देऊन सोबत न्यावे. विक्रेत्याला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर वरचे झाकण काढून ब्लॉकला हात लावावा. तो गरम लागला, तर थंड इंजिन सुरू होताना काय अडचण येते हे आपल्यापासून लपवले गेले आहे, असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.

झाकणाखाली पांढरा मिठाचा थर, फुगलेला रंग, गंजलेले विजेचे जोड आणि नव्याने रंगवलेले स्क्रू पाहावेत. केवळ एकाच भागावर नवा रंग असेल, तर तेथे काय झाले होते ते विचारावे. त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका असतो. तो दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर इंजिन नाकारावे किंवा पूर्ण उघडावे लागणार हे धरून किंमत ठरवावी. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत सुरू करणे हलके जावे म्हणून दाब सोडणारी रचना असते आणि तिच्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. म्हणून त्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकड्याशीच तुलना करावी.

फोर-स्ट्रोकची तेलाची काठी काढून पाहावी. तेल दुधाळ असेल, तर त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल तेलात उतरत आहे आणि वंगण पातळ झाले आहे. इंजेक्शनचे इंजिन असल्यास संगणकातून एकूण तास व कोणत्या वेगाला किती तास चालले याची नोंद काढून घ्यावी. कार्बुरेटरच्या इंजिनाला ही सोय नसते, त्यामुळे तेथे मालकाच्या शब्दापेक्षा गिअर हँडल, इंजिन टांगण्याच्या ब्रॅकेटचे बुश आणि पंख्याची झीज अधिक विश्वसनीय असते.

टु-स्ट्रोकच्या बाबतीत एक गोष्ट न विसरता विचारावी. तेल आपोआप मिसळणारी यंत्रणा असेल, तर ती चालू आहे की काढून टाकली आहे? ती काढून टाकलेली असताना नव्या मालकाने साधे पेट्रोल भरले, तर काही मिनिटांत पिस्टन जाम होतो. शिवाय इंजिन मुळात पेट्रोलचे आहे की रॉकेलचे, हेही खात्रीने जाणून घ्यावे. रॉकेलचे इंजिन पेट्रोलवर सुरू करून नंतर रॉकेलवर न्यायचे असते आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायचे असते. हे नेमाने केले नसेल, तर आत काजळीचा जाड थर साचलेला असतो.

गिअरच्या खोक्याचा खालचा स्क्रू सैल करून थोडे तेल पांढऱ्या कागदावर घ्यावे. दुधाळ रंग म्हणजे सील गेलेले आहे. चकाकणारे कण म्हणजे गिअर झिजत आहेत. पंखा काढून त्यामागे नायलॉनचा धागा गुंडाळला आहे काय, ते पाहावे. जाळ्यांच्या पाण्यात चालणाऱ्या होड्यांमध्ये हाच धागा सील कापतो, आणि हे काम दहा मिनिटांचे असूनही फार थोडे खरेदीदार ते करतात.

यानंतर पाण्यातील चाचणी घ्यावी. बादलीत किंवा पाइप जोडून चालवलेल्या इंजिनावर विश्वास ठेवू नये, कारण त्याच्यावर भार नसतो. नेहमीइतकी माणसे बसवून होडी बाहेर न्यावी. मागून पडणारी पाण्याची धार अखंड असावी. पाणी कोमट चालेल, चटका बसेल इतके गरम नसावे. पूर्ण वेगाला किमान दहा मिनिटे चालवून इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे मोजावेत. अनेक टु-स्ट्रोक इंजिनांसाठी ४,५०० ते ५,५०० आणि अनेक फोर-स्ट्रोकसाठी ५,००० ते ६,००० हा पल्ला दिलेला असतो. खात्री मात्र पुस्तिकेतूनच करावी. फेरे कमी पडत असतील, तर पंखा चुकीचा असू शकतो किंवा एखादा सिलिंडर काम करत नसेल. टु-स्ट्रोकने सुरुवातीला निळसर धूर सोडणे स्वाभाविक आहे. फोर-स्ट्रोकने तापल्यानंतरही निळा धूर सोडणे स्वाभाविक नाही. गिअर पुढे-मागे टाकून पाहावा आणि भार आल्यावर तो सुटत नाही ना, याची खात्री करावी.

पाचवी पायरी: पेट्रोल, खारे पाणी आणि पावसाळा

आज देशभर पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांची मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. गोव्याच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी पडून राहिली की तळाला पाणी व इथेनॉल वेगळे बसते. टु-स्ट्रोकमध्ये याचा धोका अधिक आहे, कारण वंगण वरच्या पेट्रोलातच राहते आणि तळाचे पाणीमिश्रित इथेनॉल इंजिनात गेले, तर ते वंगणाशिवाय चालते. म्हणून कोणतेही इंजिन घेतले तरी पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा, इंधनाच्या नळ्या व त्यांवरील हाताने दाबायचा रबरी बल्ब नव्याने घालावेत आणि लागेल तेवढेच पेट्रोल भरावे. टु-स्ट्रोकमध्ये मोटारसायकलचे तेल घालू नये. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी टीसी-डब्ल्यू-थ्री दर्जाचे तेल असते, तेच वापरावे.

मांडवी आणि झुआरीचे पाणी उन्हाळ्यात वरपर्यंत खारे असते आणि पावसाळ्यात बरेचसे गोडे होते. इंजिनाऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारे धातूचे तुकडे म्हणजे अ‍ॅनोड. जस्ताच्या अ‍ॅनोडवर गोड्या किंवा मचूळ पाण्यात थर चढतो व ते काम करेनासे होते, त्यामुळे नदीत राहणाऱ्या होडीला अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड अधिक योग्य. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे इंजिन धुणे दोन्ही प्रकारांना सारखेच आवश्यक आहे. ज्या ठिकाणी नळाची सोय नाही तेथे ते रोज होणार नाही, हे आधीच मान्य करून इम्पेलर व थर्मोस्टॅट दरवर्षी बदलण्याची तरतूद ठेवावी.

सहावी पायरी: कागदपत्रे

मासेमारीच्या होडीची नोंदणी मत्स्योद्योग खात्याकडे असते. प्रवासी व हौशी होड्यांसाठी पणजीच्या बंदर कप्तान खात्याकडे जावे लागते. होडीच्या दाखल्यावरील इंजिनाचा क्रमांक व अश्वशक्ती प्रत्यक्ष इंजिनाशी जुळवून पाहावी आणि इंजिन बदलणार असल्यास ती नोंद विम्यातही दुरुस्त करून घ्यावी. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात १० अश्वशक्तीपर्यंतच्या, गिलनेट (मासे कल्ल्यांपाशी अडकवणारे जाळे) वापरणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना सवलत मिळत आलेली आहे. ९.९ अश्वशक्तीच्या इंजिनांना येथे इतकी मागणी असण्याचे हे एक कारण आहे. या सवलतीच्या भरवशावर इंजिन निवडणाऱ्याने त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचावी. खरेदीची मूळ पावती नसलेले इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

माझा कौल

किनाऱ्यावरून लाटा फोडून जाणाऱ्या, ९.९ ते १५ अश्वशक्तीच्या छोट्या होडीसाठी मी आजही साधे टु-स्ट्रोक सुचवीन. प्रवासी नेणारी, रोज अनेक तास चालणारी होडी असेल आणि पिछाडी मजबूत असेल, तर फोर-स्ट्रोक घ्यावे, आणि तेही शक्यतो इंजेक्शनचे व सर्व्हिसच्या नोंदी असलेले. पाहुण्यांना धुराचा व आवाजाचा त्रास होत नाही, हेही व्यवसायाच्या दृष्टीने लहान कारण नव्हे. नदीत हौसेने गळ टाकणाऱ्याची निवड खरोखर कठीण आहे: तास कमी म्हणून हिशेब टु-स्ट्रोककडे झुकतो, वेग मंद म्हणून फोर-स्ट्रोककडे. अशा वेळी पिछाडीची अवस्था आणि जवळचा फिटर यांच्यावर निर्णय सोपवावा.

इंजिन घरी आल्यावर, विक्रेत्याने काहीही सांगितले असले तरी, पहिल्याच आठवड्यात इम्पेलर, गिअरचे तेल, इंधनाचा फिल्टर आणि प्लग बदलावेत. फोर-स्ट्रोक असल्यास इंजिनाचे तेल व फिल्टरही. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे. टु-स्ट्रोकच्या टाकीवर मिश्रणाचे प्रमाण पक्क्या रंगाने लिहावे, २५ लिटरला ५०० मिलिलिटर असे, म्हणजे घरातील दुसऱ्या कोणी पेट्रोल भरले तरी चूक होणार नाही. मे अखेरीस होडी वर काढताना कार्बुरेटरमधील पेट्रोल जाळून संपवावे, टु-स्ट्रोकच्या सिलिंडरात संरक्षक तेल फवारावे, फोर-स्ट्रोकचे वापरलेले तेल पावसाळ्याआधीच बदलावे आणि इंजिन उभे ठेवून झाकावे, पण हवा खेळेल इतके मोकळे झाकावे.